बदकांस साद आणि बेताची पुंजी



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आर्कान्सा संस्थानांत स्टटगार्ट नांवाचें एक लहानसें गांव आहे. जर्मन वसाहतवाल्यांनीं तें वसविलें म्हणून त्याला तिकडील मोठ्या शहराचें नांव मिळालें. परंतु त्याची ख्याति आहे ती भाताच्या शेतांमुळें आणि बदकांमुळें. हिंवाळा लागला, कीं कॅनडाकडून निघालेले बदकांचे थवे मिसिसिपी नदीच्या खोऱ्याची वाट धरून दक्षिणेस उतरतात. कापणीनंतर शेतांत सांडलेला भात आणि पाण्यांत बुडालेल्या रानांतील ओक वृक्षांचीं फळें यांच्या लोभानें तीं या मुलखांत रेंगाळतात. त्याच सुमारास, नोव्हेंबर महिन्यांत थँक्सगिव्हिंगच्या सणाला धरून, गांवाच्या हमरस्त्यावर एक चमत्कारिक सामना भरतो. स्पर्धक व्यासपीठावर उभा राहतो, गळ्यांत अडकविलेली पिपाणी ओठांस लावतो, आणि दीड मिनिटांच्या अवधींत बदकांच्या मादीचे नाना प्रकारचे आवाज हुबेहूब काढून दाखवितो. हा सामना 1936 सालीं सुरू झाला. पहिल्या वर्षीं मिसिसिपी संस्थानांतील ग्रीनव्हिल गांवचा थॉमस वॉल्श हा विजयी ठरला, आणि त्याला बक्षीस मिळालें तें एक शिकारी कोट. त्या कोटाची किंमत 6 डॉलर 60 सेंट होती.

या पिपाणीला तिकडे ‘डक कॉल’ म्हणतात. बक्षिसाचा कोट स्वस्त होता खरा. पण आज त्याच गांवच्या दुकानांत पिपाण्यांची कपाटें पाहिलीं, तर नवख्या माणसाचे डोळे फिरतात. वीस डॉलरची पिपाणी एका खणांत, दीडशें-दोनशें डॉलरची दुसऱ्या खणांत. आणि दुकानदारानें दोन्ही वाजवून दाखविल्या, तर नवख्याच्या कानाला दोहोंतला फरक धड कळतही नाहीं.

शेतावर किंवा गिरणींत राबून संसार चालविणारा एखादा तरुण प्रथमच या शिकारीस निघाला, म्हणजे त्याच्या खिशाला आधींच पुष्कळ वाटा फुटलेल्या असतात. संस्थानाचा परवाना हवा. सोळा वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येकास मध्यवर्ती सरकारचें बदकाच्या चित्राचें तिकीटही घ्यावें लागतें. 1934 सालीं तें प्रथम निघालें तेव्हां त्याला एक डॉलर पडे. 2015 सालापासून त्याची किंमत 25 डॉलर झाली. या पैशांतून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात, म्हणून जाणती मंडळी हा खर्च खुषीनें करतात. शिशाचे छरे बदकांवर 1991 सालापासून देशभर बंद आहेत. पोलादी छऱ्यांचीं काडतुसें घेणें भाग असतें. मांड्यांइतक्या गार पाण्यांत तासन्‌ तास उभें राहावयाचें, तर छातीपर्यंत येणारा रबरी पोशाख हवा. पाण्यावर तरंगत ठेवण्यासाठीं खोटीं बदकें हवींत. एवढें सारें झाल्यावर पिपाणीच्या वाट्याला जें उरतें, तें तीस-चाळीस डॉलरांच्या पलीकडे क्वचितच जातें. तेवढ्या पैशांत चांगली पिपाणी मिळते काय? मिळते. पण ती कशी ओळखावी, हाच सारा प्रश्न.

आणि हा प्रश्न केवळ पैशांचा नव्हे. ज्याच्या हांकेला पक्षी खालीं येत नाहींत, तो उतावळा माणूस लांबूनच बंदूक झाडतो. छरे विखुरतात, एखादा पंखाला लागतो, पक्षी तसाच घसरत दूर लव्हाळ्यांत जाऊन पडतो, आणि कुत्र्यालाही सांपडत नाहीं. बदक मेलें, पण कोणाच्याच पानांत पडलें नाहीं. तीस-पस्तीस यार्डांच्या आंत, पंख आवरून पाण्यावर उतरण्याच्या बेतांत असलेला पक्षी एका बारांत पडतो. तेव्हां पिपाणी चांगली असणें आणि ती वाजवितां येणें, यांत शिकाऱ्याच्या पैशाइतकाच पक्ष्याच्या यातनेचाही हिशेब आहे.

पिपाणीची रचना समजून घेतली, म्हणजे दुकानदाराच्या बोलण्याला माणूस सहसा भुलत नाहीं. आपल्याकडे आंब्याच्या रुजलेल्या कोयीचें तोंड दगडावर घासून मुलें पिपाणी करतात. किंवा पेटीच्या आंत पितळेचे सूर असतात ते पाहावे. हवेच्या झोतानें एक पातळ जिभली थरथरते आणि नाद उठतो, हें तत्त्व तिन्हीकडे एकच. बदकाच्या पिपाणीचे मुख्य भाग दोन. एक बाहेरची नळी, जिला ओठ लावावयाचे. आणि दुसरा तिच्यांत घट्ट बसणारा दट्ट्या. या दट्ट्याच्या आंतल्या टोंकाला एक वक्र पाट काढलेला असतो व त्याच्या मधून पन्हळ कोरलेली असते. पाटावर प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची जिभली ठेवून तिचें एक टोंक बुचाच्या पाचरीनें दाबून धरलेलें असतें. फुंकर आली, कीं जिभलीचें मोकळें टोंक पाटावर आपटूं लागतें आणि ‘क्वॅक्‌’ असा नाद दट्ट्याच्या दुसऱ्या तोंडानें बाहेर पडतो. म्हणजे आवाजाचा जीव आहे तो पाटाच्या वळणांत, जिभलींत आणि पाचरींत. बाहेरच्या नळीचा रंग, तिच्यावरचें चकचकीत कडें, कोरलेलें नांव, यांचा बदकांशीं कांहीं संबंध नाहीं. तो सारा व्यवहार शिकाऱ्याच्या मित्रमंडळीशीं.

ही सुधारणा एका दिवसांत झालेली नाहीं. डेट्रॉइट शहरच्या एलाम फिशर यानें 1870 सालीं अशा पिपाणीचें पेटंट घेतलें. तिची जिभली दोन फांकांमध्यें चिमटलेली असे. टेनेसी संस्थानांतील रीलफूट सरोवरावर धातूच्या जिभलीची पिपाणी रूढ झाली आणि तिच्याशीं व्हिक्टर ग्लोडो याचें नांव निगडित आहे. लुइझियानाच्या दलदलींत वेताच्या नळीच्या पिपाण्या हातानें करीत. पण बेताच्या मिळकतीच्या माणसाचें खरें कल्याण केलें तें इलिनॉय संस्थानांतील पेकिन गांवच्या फिलिप ओल्ट यानें. त्यानें 1904 सालीं आपला धंदा सुरू केला. त्याची ‘डी-2’ नांवाची पिपाणी कठीण रबराची होती. ज्या एबोनाइटाचीं फाउंटनपेनें आपल्या वडीलधाऱ्यांच्या खिशाला लागलेलीं असत, तोच हा पदार्थ. लांकूड पाण्यानें फुगतें, कठीण रबर फुगत नाहीं. आणि सांच्यांत तयार होत असल्यामुळें प्रत्येक नग दुसऱ्यासारखा. साध्या शेतकऱ्याला परवडेल अशी आणि तरीही भरंवशाची पिपाणी त्यामुळें घरोघरीं गेली. आज जुन्या बाजारांत ती मिळाली, तर वाजविण्यासाठीं घेणें वाईट नाहीं. मात्र जुन्या पिपाण्या जमविण्याचा छंद असलेल्या लोकांनीं उत्तम नगांचे भाव चढवून ठेवले आहेत. वापरण्यासाठीं घेणाऱ्यानें त्यांच्याशीं चढाओढ करूं नये.

आतां निवडीकडे वळूं. पहिली निवड एका जिभलीची कीं दोन जिभल्यांची, ही. एका जिभलीची पिपाणी बुलंद असते. तिच्यांतून खालचा घोगरा स्वर आणि वरची दूरवर जाणारी हांक हे दोन्ही निघतात. सामन्यांत बहुधा तीच असते. परंतु तिला ताबा लागतो. नवख्यानें फुंकली, तर बदकाऐवजीं रस्त्यावरच्या मोटारीचा भोंगा वाजल्यासारखें होतें. शिवाय थुंकीचा ओलावा बसला किंवा कडाक्याच्या थंडींत दंव गोठलें, कीं जिभली पाटाला चिकटते आणि ऐन वेळीं पिपाणी मुकी होते. दोन जिभल्या एकावर एक असतील, तर एका जिभलीला बारीक फुगवटा दिलेला असतो, जेणेंकरून त्या एकमेकींस चिकटूं नयेत. अशा पिपाणीचा आवाज मुळांतच किंचित्‌ फाटका आणि खरखरीत, म्हणजे मादीच्या आवाजाच्या जवळचा, येतो. फुंकरींतील लहानसहान दोष ती पोटांत घालते. तिची आवाजाची कमान मात्र थोडी आंखूड. ज्याचा पहिलाच हंगाम आहे आणि ज्याला दुसरी पिपाणी घेण्याची ऐपत नाहीं, त्यानें दोन जिभल्यांची घ्यावी, हें निःशंकपणें सांगतां येतें. सामने जिंकणाऱ्यांच्या हातांत काय आहे हें पाहून घेणें, म्हणजे गवयाची तान ऐकून तंबोरा विकत घेण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट पदार्थाची. लांकडी पिपाणीचा आवाज मऊ आणि गोल. पाण्यांतल्या झाडींत, जेथें पक्षी हाकेच्या अंतरावर असतात, तेथें तो खुलतो. पण लांकूड ओलें झालें, कीं दट्ट्या घट्ट बसतो आणि सुकलें कीं सैल पडतो. त्याची निगा राखावी लागते. ॲक्रिलिक नांवाच्या पारदर्शक कठीण प्लॅस्टिकची पिपाणी कांतून केलेली असते. तिचा आवाज तीक्ष्ण, वाऱ्यांतूनही पार जाणारा, म्हणून मोकळ्या तलावांवर आणि उघड्या भातशेतांत ती उपयोगी. किंमतही तशीच, शंभर डॉलरांच्या आसपास आणि पुढें. तिसरा पदार्थ पॉलिकार्बोनेट. हें सांच्यांत ओतलेलें असतें, पडलें तरी सहसा फुटत नाहीं, पाण्याला दाद देत नाहीं, आणि वीस ते चाळीस डॉलरांत येतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कित्येक नामांकित कारखाने आपल्या महाग ॲक्रिलिक पिपाणीच्या पाटाचें जें वळण, तेंच वळण सांच्यांत उतरवून पॉलिकार्बोनेटमध्यें विकतात. कारागिराच्या हातानें अखेरचा जो नाजूक मिलाफ होतो, तो अर्थात्‌ तिच्यांत नसतो. पण आवाजाचा जीव पाटांत असतो हें वर सांगितलेंच. तेव्हां बेताच्या पुंजीच्या माणसानें अज्ञात कारखान्याची भपकेदार पिपाणी घेण्यापेक्षां जाणत्या कारागिराची साधी सांच्यांतली पिपाणी घेणें केव्हांही शहाणपणाचें.

दुकानांत ती पारखावी कशी? प्रथम अगदी हलकी फुंकर घालावी. हलक्या फुंकरीलाही जिभली लागलीच बोलली पाहिजे. बोलण्यासाठीं गाल फुगवावे लागले, तर ती दुसऱ्याला राहूं द्यावी. मग फुंकर वाढवीत जावें. स्वर मध्येंच फुटून किंचाळूं लागला, तर तो पाटाचा दोष किंवा फुंकणाऱ्याचा. हें ठरविण्यास दुसऱ्या माणसाकडून वाजवून घ्यावी आणि आपण दहा पावलें दूर जाऊन ऐकावें. स्वतःच्या तोंडांतली पिपाणी स्वतःला कधींच खरी ऐकूं येत नाहीं. तसेंच, सुट्या जिभल्या आणि पाचरी त्याच दुकानांत मिळतात कीं नाहींत, हें विचारून घ्यावें. त्या कांहीं डॉलरांत येतात. त्या मिळत नसतील, तर कितीही चांगली पिपाणी एका हंगामापुरतीच समजावी.

पैसे वांचवून जी पिपाणी घेतली, तिची खरी किंमत पुढें मोजावी लागते ती रियाजांत, आणि बरीचशी घरच्या माणसांना. गाणें शिकणाऱ्याच्या शेजाऱ्यांचे हाल सर्वांना ठाऊक आहेत. बदक शिकणाऱ्याच्या शेजाऱ्यांचे हाल त्याहून अधिक. म्हणून तिकडील पुष्कळ लोक कामावर जातां-येतां मोटारीच्या कांचा लावून सराव करतात. फुंकर गालांतून घालावयाची नाहीं. थंड कांचेवर वाफ सोडतांना पोटांतून जसा ऊन श्वास येतो, तसा तो सोडावयाचा, आणि स्वर जिभेनें तोडावयाचा. प्रथम एकच साधा ‘क्वॅक्‌’, स्वच्छ सुरू होणारा आणि स्वच्छ तुटणारा. तो आठवडाभर बसला, म्हणजे उतरत्या क्रमानें पांच-सहा स्वरांची स्वागताची हांक. मग चरतांना बदकें जो पुटपुटल्यासारखा आवाज करतात तो, ‘टिका-टिका’ असा जीभ हलवून. एवढ्या तीन गोष्टी ज्याला आल्या, त्याला हंगाम काढतां येतो. दलदलीच्या कांठीं किंवा शिकारीच्या तळ्यावर मात्र सराव करूं नये. तेथलीं बदकें खोटा सूर ऐकून सावध होतात आणि त्याचें शासन सर्वांना होतें.

शिकविणारा भेटला, तर मोठेंच भाग्य. स्टटगार्टांतील चिक मेजर आणि त्याची पत्नी सोफी यांनीं पिपाण्या तर केल्याच, पण गांवच्या मुलांना वाजविण्यासही शिकविलें. त्यांची मुलगी पॅट पीकॉक हिनें 1955 आणि 1956 अशीं लागोपाठ दोन वर्षें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. तें पद मिळविणारी ती एकमेव स्त्री. चिकच्या हाताखालीं शिकलेला बुच रिचेनबॅक हा 1972 सालीं अजिंक्य ठरला. पुढें त्यानें स्वतःचा पिपाण्यांचा कारखाना काढला आणि गांवच्या मुलांना शिकविण्याचा वारसाही चालविला. अशा माणसाजवळ घालविलेली एक संध्याकाळ शंभर डॉलरांच्या पिपाणीहून अधिक फळ देते.

तरीही अनुभवी शिकाऱ्यांचें एक गाऱ्हाणें नेहमींचेंच असतें: नवीन माणसें फार वाजवितात. आकाशांत थवा दिसला, कीं पिपाणी तोंडाची निघतच नाहीं. वस्तुतः बदकें तोंड करून जवळ येत असतील, तेव्हां गप्प बसावें. त्यांच्या शेपट्या दिसूं लागल्या, म्हणजे तीं वळून चाललीं, तेव्हां हांक द्यावी. झाडींत शिकार असेल, तर शिकारी झाडाच्या बुंध्याशीं उभा राहून पायानें पाणी ढवळतो. लाटा उठतात आणि वरून पाहणाऱ्या पक्ष्याला वाटतें, कीं खालीं जातभाई चरत आहेत. उघड्या पाण्यांत दोन-तीन खोट्या बदकांना दोरी बांधून ती मधून मधून ओढली, तरी तेंच साधतें. पायाला पैसे पडत नाहींत आणि दोरीला फारसे पडत नाहींत.

आणखी एक स्वस्त युक्ति बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. ‘क्वॅक्‌’ असा खणखणीत आवाज करते ती मादी. मॅलर्ड जातीच्या हिरव्या डोक्याच्या नराचा आवाज बारीक, घोगरा. आणि पिनटेल, टील, विजन या जातींचे नर तर शीळच घालतात. या साऱ्यांची नक्कल करणारी एक साधी शिटी दहा-पंधरा डॉलरांत मिळते. तिला जिभली नाहीं, म्हणून ती चिकटत नाहीं. तिला फारसा रियाज लागत नाहीं. आणि जेथें दहा बंदुकवाले दहा पिपाण्या कर्कशपणें वाजवीत असतात, त्या सरकारी दलदलींत, उदाहरणार्थ स्टटगार्टजवळच्या बायू मीटोच्या राखीव रानांत, ही मंद शीळच पक्ष्याला खरी वाटते. चाळीस डॉलर असतील, तर पंचवीसांची दोन जिभल्यांची पिपाणी आणि उरलेल्यांत शिटी, असा हिशेब करावा. सारे चाळीस एकाच पिपाणींत घालूं नयेत.

फोनोग्राफवर किंवा आतांच्या विजेच्या यंत्रांवर बदकांचे आवाज लावून ठेवावे, म्हणजे शिकण्याचा त्रासच नको, असें कोणाच्या मनांत येईल; पण बदकांच्या शिकारींत मध्यवर्ती कायद्यानें तें निषिद्ध आहे. पूर्वी पाळलेलीं जिवंत बदकें पाण्यांत बांधून ठेवीत आणि त्यांच्या ओरडण्यानें रानटी थवे उतरवीत. 1935 सालीं तेंही बंद झालें. त्यानंतर माणसाच्या तोंडाला काय साधतें, एवढाच मार्ग उरला. स्टटगार्टचा सामना त्याच्या पुढच्याच वर्षीं सुरू व्हावा, हा योगायोगही असेल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार इतिहासजमा झाली आहे. निफाडजवळ नांदूर मधमेश्वरला हिंवाळ्यांत थापट्या, तलवार बदक अशीं पाहुणीं उतरतात, तीं दुर्बिणींतूनच पाहावयाचीं; 2020 सालीं त्या जागेला रामसर यादींत स्थान मिळालें. तेथें कोणी पिपाणी नेऊं नये, हें सांगावयास नको.

राहतां राहिली निगा. पिपाणी गळ्यांतल्या गोफांत अडकवावी; त्यासाठीं विणलेला महाग गोफ नको, घरचा साधा नाडा पुरे, पण गांठ पक्की असावी, कारण गढूळ पाण्यांत पडलेली पिपाणी परत मिळत नाहीं. तंबाखू किंवा बिस्किटाचा चुरा खिशांत असेल, तर पिपाणी त्या खिशांत टाकूं नये. एवढासा कण जिभलीखालीं गेला, तरी आवाज बसतो. घरीं आल्यावर दट्ट्या काढून दोन्ही भाग वाळवावे. जिभली काढून पुसावयाची असेल, तर काढण्यापूर्वी ती व पाचर कोठें बसल्या आहेत, तेथें शाईच्या लेखणीनें बारीक रेघ ओढून ठेवावी. केसभर सरकली, तरी स्वर बदलतो. जिभलीचें टोंक कापून आवाज चढवितां येतो, असें सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि तें खरेंही आहे. परंतु कापलेली जिभली पुन्हा लांब होत नाहीं, म्हणून कात्री लावण्यापूर्वी दुसरी जिभली जवळ आहे ना, हें पाहून घ्यावें. बुचाची पाचर हंगाम संपतां संपतां दबते, आवाज पडल्यासारखा वाटतो, आणि माणूस नव्या पिपाणीच्या विचाराला लागतो. तेव्हां आधीं पाचर बदलून पाहावी.